मांजराची बारी

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. ओट्यावर मांडी घालून ते अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेला कात्रीनं भोकं पाडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सर, सकाळी पावणेआठला तुमी काय करता?"

म्हटलं, "आंघोळ आटपून कॉलेजची तयारी."

"मंग पावणेआठ ते आठ रिकामं ठिवा. खोली घ्यायची आसंल तर."

मला वाटलं, नळाला पाणी येत असेल, मोटर चालू करायची असेल. तसलं काही नव्हतं. पावणेआठला हे घरमालक काका दूध आणायला जात आणि तेवढी पंधरा मिनिटं त्यांच्या मांजराला खेळवायला कुणी नसे. आधीचा भाडेकरू ते करायचा, पण त्याचं मन लागत नव्हतं, असं काकांचं मत होतं. "पीस नुसतं हालवायचा. त्याच्या हातात शिकारच नव्हती," ते म्हणाले. त्याला खोली सोडावी लागली की त्यानं आपण होऊन सोडली, हे मला कधी कळलं नाही.

मी राहुरीच्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होतो. काकांचं घर गावाबाहेर, मुळेच्या पाटाच्या कडेला. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला डांबरी. काका पाटकरी म्हणून रिटायर झालेले. पाटाच्या पाण्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाच्या रानाला कधी आणि किती वेळ पाणी हे सांगायचं, हे पाटकऱ्याचं काम. उभी हयात त्यांनी लोकांना पाण्याच्या बाऱ्या लावून दिल्या आणि आता ते मांजराला लावत होते.

मांजराचं नाव ठकी. काळी-पांढरी, एका कानाला चीर गेलेली, तोंडावर कायम नापास झाल्यासारखा भाव. तिला उंबरठ्याबाहेर बंदी होती, कारण उसात बिबट्या होता. तिकडे बिबट्याची कुणी फार चर्चा करत नाही. ऊसतोड सुरू झाली की तो फडातून बाहेर निघतो आणि वस्तीवरची कुत्री कमी होतात, एवढंच. काकांचं पहिलं मांजर असंच ओट्यावरून गेलं. म्हणून दुसरा एक बोका आणला तो त्यांनी घरात कोंडून वाढवला. तो बिबट्यानं नेला नाही, पण वर्षभरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. पोट चाटून चाटून त्यानं केस काढले, मग कातडी सोलली, मग खाणं सोडलं.

"डाक्टर म्हनला रोग न्हाई," काका सांगत. "रोग कुटला? त्याला दिवसभर कायच काम नव्हतं. जनावर उपाशी कमी मरतं सर, रिकामं जास्त मरतं."

हे वाक्य ते दुधवाल्याला सांगत, वायरमनला सांगत, एकदा मत मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी ते ऐकवलं. तो बिचारा हात जोडून उभाच होता.

स्वयंपाकघराच्या दाराला ठकीचं वेळापत्रक टांगलेलं असे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा मारलेल्या आणि अक्षर असं की आमच्या क्लार्कनं शिकवणी लावावी. सकाळी सहाला खिडकी, म्हणजे बाहेरच्या कट्ट्यावर बाजरी टाकून होले-चिमण्या बोलवायच्या आणि ठकीनं आतून त्या बघायच्या. पावणेआठला सर. नवाला शोध. सात काड्यापेट्या घरभर लपवायच्या, त्यातल्या दोनांत सुकट, पाच मोकळ्या. एकला पाणी, म्हणजे परातीत बाटल्यांची बुचं तरंगत सोडायची. तीनला बोगदा, जुन्या टीव्हीच्या खोक्यांचा. चार ते पाच उंची. साडेपाचला शिकार. मधे झोप. हे वेळापत्रक एक तारखेला लागे आणि महिनाअखेरीस उतरे. नवीन महिन्याला नवीन कागद.

मला ते वेळापत्रक फार आवडलं, हे आधीच कबूल केलेलं बरं. मी वेळेचा माणूस आहे. तास चुकवणाऱ्यांचा मला राग येतो. बाकीच्यांना काका चक्रम वाटत, मला ते शिस्तीचे वाटले आणि पुढे जे झालं त्यात माझ्या या आवडीचा थोडा हात आहे.

माझ्या पंधरा मिनिटांत मी वर्तमानपत्राच्या आडून मोरपीस काढायचं. सोपं वाटतं, पण काका दूध घेऊन परत आले की परीक्षा घेत.

"आजबी डावीकडनंच काढलं व्हय पीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मांजर आजून डावीकडंच बघतंय. सर, तुमाला गणित कसं शिकिवता येतं? दोन दिस एकच डाव केला की तिला पाठ व्हतो. पाठ झालं की मेलं."

एकदा मला शहाणपण सुचलं. मोबाईलवर मासे पोहतानाचा व्हिडिओ लावून मी फोन ठकीपुढे ठेवला आणि निवांत पेपर वाचत बसलो. ठकी काचेवर पंजे मारत राहिली. काका आले, बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी पाट फोडलाय. फोन उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. मग खाली बसून खिशातून सुकटीचा तुकडा काढला आणि ठकीपुढे धरला.

"शिकार दावली तर शेवटाला तोंडाला लागली पायजे," ते म्हणाले. "न्हाईतर ती फसवनूक हाय. नुसतं दावायचं आन् द्यायचं न्हाई, हे जनावराच्या डोक्यात जातं. त्याला वाटतं माझंच काय तरी चुकलं."

मी ओशाळलो. आजही एखाद्या पोराला उगाच आशेवर ठेवायची वेळ आली की मला तो सुकटीचा तुकडा आठवतो.

आता काकूंविषयी सांगायला हवं. इतका वेळ सांगितलं नाही, कारण त्या घरात मलाही त्या इतक्याच उशिरा दिसल्या.

आतल्या खोलीत काकू खाटेवर असत. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला होता, डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण बोलणं कळायचं. सकाळी गावातल्या एक मावशी येऊन त्यांचं अंग पुसून, कपडे बदलून, भरवून जात. दुपारचं आणि रात्रीचं जेवण काका भरवत. वेळेवर भरवत, गोळ्या वेळेवर देत, कूस बदलत. त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हयगय म्हणतात ती त्या माणसात नव्हतीच.

फक्त खाट भिंतीकडे होती. आतल्या खोलीला चांगली मोठी खिडकी होती, पाटाच्या बाजूनं. पण त्या खिडकीला काकांनी ठकीच्या चढण्यासाठी फळ्यांचा जिना ठोकला होता. वेळापत्रकातली 'उंची' ती हीच. जिन्याला जागा हवी म्हणून खाट समोरच्या भिंतीला सरकवली होती आणि उजव्या हाताला टेकू मिळावा म्हणून काकू त्या भिंतीकडेच तोंड करून असायच्या. चार ते पाच त्यांच्या पाठीमागं मांजर फळ्यांवर उड्या मारायचं, काका त्याला "शाब्बास, वर, आजून वर" म्हणायचे आणि काकू चुन्याचे पोपडे बघायच्या. हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. मी रोज त्याच दारावरून जात होतो.

एके दिवशी काकूंनी हाक मारली. "सर, आज काय खेळलं ओ मांजार?"

मी सांगितलं. काड्यापेटी, पीस, एक झुरळ सापडलं ते. त्या हसल्या, अर्ध्या तोंडानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग तो आमचा रिवाजच झाला, आठला दोन मिनिटं. दोनच. मला बस असायची.

त्या दोन-दोन मिनिटांत मला त्यांच्या वडलांची हकिगत तुकड्यातुकड्यानं कळली. काकूंचं माहेर त्याच पाटावरचं, चारीच्या म्हणजे पाटाच्या फाट्याच्या शेवटाला. एका साली पाणी कमी सुटलं होतं. गहू ओंबीत आला होता आणि काकूंच्या वडलांची बारी काही कारणानं हुकली. आपली पोरगी पाटकऱ्याच्या घरी दिली आहे या धिरानं ते पाटावर गेले आणि जावयाला म्हणाले, तासभर पाणी द्या. बारी नसली तरी द्या. कुणाला कळायचं नाही.

"माजा बाप हात जोडून हुबा हुता," काकू म्हणाल्या. "आन् ह्ये म्हनले, पुढच्या आवर्तनाला या. आवर्तन म्हंजी म्हैना-दीड म्हैना. गहू काय थांबतूय का?"

"मग?"

"मंग काय. गेला गहू. बाप परत ह्या दारात कदी आला न्हाई. मरूस्तवर न्हाई. म्या ह्यांच्याशी बोलनं टाकलं, सर. चार म्हैने एक सबूद बोलले न्हाई."

"काका काय म्हणाले?"

"त्यांला कळलंच न्हाई," काकू म्हणाल्या आणि पुन्हा ते अर्धं हसू हसल्या. "चार म्हैन्यांनी म्याच बोलले. मीठ आना म्हनलं."

मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका सकाळी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. आधी दोनदा थुंकी गिळली. "सर, तुमचं ऐकत्यात ते. त्यांला म्हनावं, ठकीसारकी माजीबी बारी लावा. लई न्हाई, आर्धा घंटा. उगं बसा म्हनावं हितं. बोलायचं म्या बघते."

"काय बोलायचंय?" मी नको ते विचारलं.

"त्या टायमाला त्यांच्या मनात काय आलं हुतं, येवढंच इचारायचंय. बाप हुबा हुता तवा. कायतरी आलं आसंल का न्हाई? दगुड तर न्हाईत. मांजराला केवढं जपत्यात, बघता ना तुमी. म्हंजी हाय त्यांच्यात. ते येकदा ऐकलं की मंग भित्तीकडं तोंड करून म्या मरायला मोकळी."

मी हो म्हणालो. नंतर पेपर तपासायचे होते, मार्क भरायचे होते, प्राचार्यांची बैठक होती. आठ दिवस गेले. आठही दिवस मी मांजरापुढे वेळेवर पीस हलवलं. काकूंनी रोज नुसतं माझ्याकडे बघितलं, विचारलं नाही. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी.

नवव्या दिवशी मी काकांना सांगितलं. वडलांची गोष्ट वगळली, ती सांगायचा अधिकार माझा नव्हता. एवढंच म्हणालो की काकूंना रोज थोडा वेळ तुमची सोबत हवी आहे, त्यांचंही डोकं रिकामं राहतंय.

मला वाटलं होतं ते चिडतील. काका चिडले नाहीत. हातातली काड्यापेटी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "बराबर हाय. हे माज्या ध्यानातच आलं न्हाई." ते उठून वेळापत्रकापुढे उभे राहिले, बोटानं एकेक रेघ तपासली. "आर्धा तास कशाला? तास धरतो. चार ते पाच. ठकीची उंची पाचाला घालू, शिकारीच्या आदी. जमतंय."

"मग आजपासूनच बसा," मी म्हणालो.

"आज कसं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "हे पत्रक म्हैनाअखेरपतोर लागलंय, सर. मदीच बदललं तर सगळं हालतं. एक तारखेपास्नं धरू."

त्या दिवशी अकरा तारीख होती. मी म्हणालो, "काका, बायको आहे ती. मांजराला काय कळतंय तारीख?"

"तारीक मांजराला कळत न्हाई, मला कळती," ते शांतपणे म्हणाले. "सर, लागल्याली बारी मोडली न्हाई म्हनून तर लोकांनी माजं नाव घेतलं. सख्ख्या सासऱ्याला मोडून दिली न्हाई."

ते हे अभिमानानं बोलले. ज्या गोष्टीचा जाब काकूंना विचारायचा होता तीच त्यांनी मला दाखला म्हणून दिली आणि मी वेळापत्रकाचा माणूस, मला त्यातली शिस्त दिसली. वीस दिवस तर आहेत, मी मनात म्हणालो. आणखी जोर लावला असता तर ते ऐकते की नाही, माहीत नाही. मी लावला नाही, हे माहीत आहे.

काका लगेच आत गेले आणि काकूंना म्हणाले, "एक तारखेपास्नं तुजा तास धरलाय. चार ते पाच." एखाद्या बागायतदाराला पाणी मंजूर झाल्याचं सांगावं तसं सांगितलं आणि बाहेर आले.

काकूंना राग यायला हवा होता. त्यांना आनंद झाला. त्या वीस दिवसांतले काही दिवस मी त्यांना जितक्या उमेदीत पाहिलं तितक्या आधी कधी नव्हतं. मावशींकडून केस नीट विंचरून घेऊ लागल्या. मला विचारायच्या, "आज कितवी?" मी तारीख सांगायचो. "पैल्यांदा काय बोलावं, सर? येकदम बापाचं काढलं तर बिचकत्याल. आदी मांजराचंच काढते. ठकी बरी हाय का, आसं. मंग हळूच तिकडं नेते." दोन दिवसांनी तो बेत बदलायचा. आधी पाटाचं काढते, मग बापाचं. त्या भिंतीकडे बघत बघत सगळा तास रचत होत्या. त्यांच्या डोक्याला काम मिळालं होतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

चोवीस तारखेला सकाळी मी पीस घेऊन बसलो होतो तेव्हा आतून मावशी ओरडल्या. काकूंचं तोंड पार वाकडं झालं होतं, घशातून घरघर येत होती. शेजारच्या वस्तीवरची गाडी काढली, नगरला नेलं. मी रजा टाकली आणि दवाखान्याच्या बाकावर काकांशेजारी बसलो. पाच दिवस. काका रोज दुपारी एकदा विचारायचे, "मावशीनी सुकट घातली आसंल का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिसऱ्या दिवशी कळलं की दुसरं काही विचारायची त्यांची जीभच वळत नव्हती.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलंय, ते येईल असं वाटत नाही. कळतंय किती, तेही सांगता येणार नाही. घरी न्या. एकोणतीसला आम्ही काकूंना घरी आणलं.

एक तारखेला मी चारच्या आधी घरी आलो. मुद्दाम. काकांनी आतल्या खोलीतला फळ्यांचा जिना उखडून काढला होता. भिंतीला खिळ्यांची भोकं राहिली होती आणि खाट खिडकीकडे फिरवली होती. ठकीला स्वयंपाकघरात कोंडलं होतं, ती दार ओरबाडत होती. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. बरोबर चारला ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

बसले आणि नुसते बसूनच राहिले. मी दारात उभा होतो. मग त्यांनी घसा साफ केला. "ठकी बरी हाय," ते म्हणाले. मग पाटाला यंदा पाणी कधी सुटणार ते सांगितलं. काकू खिडकीच्या दिशेनं बघत होत्या. बघत होत्या म्हणजे डोळे तिकडे होते.

मला राहवलं नाही. मी आत गेलो आणि काकूंना जे विचारायचं होतं ते काकांना सांगून टाकलं. सगळं, गव्हाचं, बापाचं, जोडलेल्या हातांचं. तुमच्या मनात तेव्हा काय आलं होतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं, असं म्हणालो.

काकांनी एकदा स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. मग काकूंकडे वळून बोलू लागले. हळू, अडखळत. म्हणाले, तुजा बाप गेल्यावर म्या पाटावरच्या चौकीत जाऊन दार लावून घेतलं हुतं. म्हणाले, वाटलं हुतं सोडावं पानी, पाटाच्या दाराला हातबी लावला हुता. म्हणाले, घरी आलो आन् तुला सांगावं म्हनलं, पर तू बोलंचना, मला वाटलं तुला सांगून काय उपेग. चार म्हैने वाट बघितली, तू मीठ आना म्हनली, मंग ऱ्हाऊनच गेलं.

म्हणजे काकूंनी बोलणं टाकलंय हे त्यांना कळलं होतं. चारही महिने कळलं होतं.

काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. स्वयंपाकघरात ठकी थकून गप्प झाली. काकांनी माझ्याकडे बघितलं. इतका घाबरलेला म्हातारा माणूस मी पाहिलेला नाही.

"सर, मांजराचं कळतं," ते म्हणाले. "मन लागलं की कान फुडं करतं, कंटाळलं की शेपूट आपटतं. हिला पोचलं का न्हाई, ते कशात बघायचं?"

"डोळ्यांत बघा, काका," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

काकांनी स्टूल पुढे ओढलं. खाली वाकून त्यांनी काकूंच्या डोळ्यांत बघितलं, बराच वेळ बघितलं, वेळापत्रकाच्या रेघा तपासाव्यात तसं नीट.

"ह्ये डोळे तर पैल्यापास्नं आसंच हायेत," ते म्हणाले.